डोंगरावरून परत आलेला आवाज

"काका, आवाज येतोय, पण खोकत येतोय," डॉक्टर म्हणाला आणि गाडीच्या बाहेरच्या अंगाला बसवलेल्या स्पीकरवर त्यानं टिचकी मारली. "ऐका तुम्हीच."

मी कान लावला. आत नाट्यगीत चाललं होतं, पण गाणारे बुवा पत्र्याच्या डब्यात बसून फुटाणे चघळतायत असं वाटत होतं.

"पाणी शिरलंय. पडदा कुजलाय," मी म्हणालो. "दोन्ही बदलायचे."

"जरा दणदणीत बसव रे बाबा!" नदीतून हाक आली. "मला इथवर ऐकू आलं पाहिजे!"

ती डॉक्टरची आई, माई. नदीच्या मधोमध एक सपाट कातळ आहे, त्यावर घडीची खुर्ची टाकून, डोक्यावर छत्री धरून, पाय पाण्यात सोडून ती बसली होती. वय सत्तरीच्या पुढचं, गुडघे गेलेले. थंड पाण्यात ठणका कमी होतो म्हणून सकाळीच लेकानं तिला हाताला धरून, एकेका दगडावर टेकवत तिथवर नेलं होतं. काठापासून कातळापर्यंत चाळीसेक पावलं, आणि पाणी घोट्याएवढं.

हे नऊ वर्षांपूर्वीचं. गणपती बुडवून आठवडा झाला होता. माझा धंदा मांडवात आणि मिरवणुकीत कर्णे लावायचा. तालुक्यात मला रंगराव कर्णेवाले म्हणतात, आणि पाठ फिरली की रंगराव थापाडे. दोन्ही बरोबर आहे. म्हसोबाच्या जत्रेला मी कर्णा लावला, तर माझ्या कर्ण्यावरच्या मंगलाष्टकांवर शेजारच्या तालुक्यात दोन लग्नं लागली, हे मी पुष्कळांना सांगितलंय. त्यातलं एक अजून टिकून आहे, हेही सांगतो. ऐकणारा हसला की माझं पोट भरतं.

डॉक्टर मिहीर नरगुंदे सांगलीचा, दातांचा. एक जुनी मिनीबस घेऊन त्यानं तिचा कॅम्पर केला होता. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी. बाहेर ओढून घ्यायची ताडपत्रीची छपरी, आणि छपरीखाली दोन स्पीकर. आईनं आयुष्यभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक भिंत बघितली, आता तिला खिडकीतून रोज वेगळं काहीतरी दाखवायचं, असा त्याचा बेत. पहिल्याच पावसात स्पीकर गेले. आमच्या भागात नदीकाठी कॅम्प आहे, तिथं मुक्काम टाकल्यावर कुणीतरी त्याला माझं नाव सांगितलं. आडवार होता. तंबू सगळे रिकामे, कॅम्पवर हे दोघं मायलेक, मी, आणि हौसाआक्का.

कॅम्पच्या फाटकावर पाटी आहे : 'आपला आवाज आपल्या तंबूत.' खाली बारीक अक्षरात, बाहेर स्पीकर लावू नये, लांबून हाका मारू नयेत, गाडीचा हॉर्न वाजवू नये. मालक कोल्हापूरला असायचे. पाटी हौसाआक्काची, आणि पाटी पाळायला लावणारी काठीही तिचीच. साठीची बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, कॅम्पचं जेवणखाण आणि राखण दोन्ही तिच्याकडे. बोलताना मान वळवून, डावा गाल पुढं काढून ऐकायची. समोरच्याला वाटावं, ही आपल्याला ओवाळायला आलीय का धुवायला.

मी जुने स्पीकर उतरवायला घेतले तशी ती आलीच.

"काय चाललंय ह्ये?"

"आक्का, खराब झालेत, बदलतोय," डॉक्टर म्हणाला. "इथं नाही वाजवणार. परवा आम्ही कोकणात उतरणार. फक्त बसवून तपासायचेत."

"तपासा. एकदाच. गाणंबिणं न्हाई."

"आणि माईंना गाणं ऐकायचंय त्याचं काय?" मी विचारलं.

"म्हाताऱ्या मानसानं नदीचं ऐकावं," आक्का म्हणाली आणि चुलीकडं निघून गेली.

"बाई आहे का हेडमास्तर?" डॉक्टर हळूच म्हणाला.

"हेडमास्तर बरा," मी म्हणालो. "त्याला सुट्टी तरी असते."

उजवा स्पीकर बसवला आणि पेनड्राइव्ह लावला. माझ्या पेनड्राइव्हवर पहिला नंबर भोंग्याचा. हे आमच्या धंद्यातलं आहे, थाप नव्हे. भोंगा खालच्या सुरात सुरू होतो, चढत चढत वर जातो आणि तसाच उतरतो. पडद्याला केसाएवढी चीर असली, तरी त्या चढणीवर ती बोलते. गाण्यात ती झाकली जाते. तीस वर्षं मी मंडळांचे कर्णे असेच तपासले. माणसं दचकतात, ही वरची मजा.

मी वॉल्यूम पुरा फिरवला आणि बटण दाबलं.

भोंगा उठला. समोरच्या झाडावरचे बगळे उडाले. माई खुर्चीतून अर्धी उठली, छत्री कलंडली. डॉक्टरच्या हातातला चहा शर्टावर आला. मी बटण बंद केलं, तरी समोरच्या डोंगरावरून आवाज परत येत राहिला, चढला, उतरला, मग विरला.

"अरे देवा!" माई ओरडली आणि मग खदाखदा हसायला लागली. "मेल्या, जीव गेला असता माझा!"

"माई, गाणं लागायच्या आधीची नांदी होती!"

डॉक्टरही शर्ट झटकत हसला. आणि तेवढ्यात चुलीकडून आक्का आली. धावत. पदर सुटलेला, हातात काठी. मला वाटलं, मारते आता. तिचा चेहरा रागाचा नव्हता. तो चेहरा कसला होता, ते मला तेव्हा कळलं नाही.

"कुनी वाजवला?"

"मी. तपासायला. तुम्हीच म्हणालात एकदा."

"त्यो आवाज हितं काढायचा न्हाई!" तिचा श्वास लागला होता. "वर धरान भरलंय. वरच्या अंगाला चार दिस पाऊस हाय. दुसरं कायबी वाजव. गाढव वरडव. त्यो आवाज न्हाई."

"आक्का, आता झालं की."

"शपथ घे."

मी गळ्याला हात लावला. थापाड्याची शपथ ती, तिला किती वजन? पण ती गेली.

धरण समोरच्या डोंगराआड, दोनेक मैलांवर. पाणी सोडायचं झालं की वळणावरच्या टेकडीवरचा भोंगा तीनदा वाजतो, अर्ध्या-अर्ध्या तासानं. पहिला तयारीचा. दुसरा नदीतून बाहेर पडायचा. तिसरा वाजला की दरवाजे उघडले, पाणी कॅम्पपाशी यायला पंधरा मिनिटं. हे मला ठाऊक होतं. तालुक्यातल्या गुरंवाल्यालाही ठाऊक असतं. पण डोक्यावर आकाश निळं, ऊन कडक, पाणी घोट्याएवढं. डोंगराआड पडणारा पाऊस आपल्या अंगाला लागत नाही, म्हणून तो खरा वाटत नाही.

डावा स्पीकर बसवला. त्यात वरच्या सुराला बारीक किरकिर आली. खोलून स्क्रू आवळले, पुन्हा बसवला. आता किरकिर गेली का नाही, हे कळायला भोंग्याशिवाय दुसरं साधन माझ्याकडं नव्हतं. अर्धा तास झाला असेल. मी चुलीकडं बघितलं. आक्का पाठमोरी होती.

"काका, शपथ घेतलीत ना?" डॉक्टर म्हणाला.

"निम्म्या आवाजाची नाही घेतली."

मी वॉल्यूम निम्म्यावर ठेवला, चार सेकंद वाजवला आणि बंद केला. किरकिर होतीच. पण डोंगरावरून आवाज आला तो केवढा! माझ्या भोंग्यापेक्षा मोठा, माझ्या भोंग्यापेक्षा लांब. चढला, उतरला, परत चढला.

डॉक्टर बघतच राहिला. "कमाल आहे. जाणारा लहान आणि येणारा मोठा?"

"माल कुणाचा आहे!" मी म्हणालो. "ह्या डोंगराला माझा आवाज ओळखीचा आहे. एकदा इथं मी 'कोण आहे' म्हणून ओरडलो, तर डोंगर म्हणाला, 'रंगराव, चहा घेऊन जा.'"

डॉक्टर हसला. नदीतून माई हसली. मीसुद्धा हसलो. त्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, आणि नको वाटतो.

डावा स्पीकर पुन्हा उतरवला. छपरीखाली मांडी घालून बसलो, स्पीकर मांडीवर उलटा, चारही स्क्रू तळहातावर. अँप्लिफायर बंद करून त्याची वायर मी काढली होती आणि दातात धरली होती. डॉक्टर गाडीच्या पायरीवर बसून संत्रं सोलत होता.

आणि भोंगा वाजला.

माई कातळावरून ओरडली, "पुरे रे रंगराव! आता मी दचकायची नाही!"

डॉक्टर संत्र्यातून मान न काढता म्हणाला, "काका, आक्का येतील बरं का काठी घेऊन."

भोंगा चढत होता. मी मांडीवरच्या स्पीकरकडं बघितलं. अँप्लिफायरकडं बघितलं, त्याचा दिवा विझलेला. दातातली वायर हातात घेतली आणि तिची दोन्ही टोकं बघितली. दोन्ही टोकं माझ्या हातात होती.

तोंडात वायरीच्या रबराची चव होती, ती अजून येते कधीकधी. मला ओरडायचं होतं, पण आवाज फुटेना. आयुष्यभर आवाज विकलेला माणूस मी. मी नुसती वायर वर धरली आणि ती डॉक्टरला दाखवली.

त्यानं आधी वायर बघितली. मग बंद अँप्लिफायर. भोंगा अजून वाजत होता. त्याच्या हातातलं संत्रं खाली पडलं, आणि तो नदीकडं पळाला.

मी चुलीकडं पळालो. कारण एकच गोष्ट डोक्यात घुमत होती : हा कितवा? पहिला असेल तर तास आहे. तिसरा असेल तर काही नाही. आणि भोंगे मोजणारं माणूस कॅम्पवर एकच.

आक्का पाटावर बसून कांदा चिरत होती, उजवा खांदा माझ्याकडं.

"आक्का! भोंगा!"

तिनं मान वर केली नाही. मी तिच्या पुढं जाऊन उभा राहिलो.

"ऐकला," ती कांद्याला म्हणाली. "लाज न्हाई व्हय तुला? गळ्याला हात लावलावतास."

"माझा न्हवता तो!"

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. डोळ्यांकडं नव्हे, ओठांकडं. "काय?"

"माझा न्हवता! वायर काढलीय मी! कितवा हाय, आक्का? तुम्ही मोजता ना? कितवा?"

विळी तशीच राहिली. तिच्या तोंडावर आता मगाचाच चेहरा होता, आणि ह्या वेळी मला तो कळला. ती भीती होती.

"मला काय ठावं?" ती म्हणाली. "आज वाजलं त्ये समदं तुझं म्हनून मी सोडून दिलं." उठता उठता, पदर खोचता खोचता, एका दमात ती बोलली, "उजवा कान गेलाय माझा. डावाबी निम्मा. भोंगा तेवढा येतो. पन तुझा कुठला आन् धरनाचा कुठला, त्ये मला न्हाई कळत. म्हनून गप ऱ्हावा म्हनते समद्यांना. कुनाला बोललास तर जीभ उपटीन."

"दोन वेळा डोंगरावरनं परत आला होता," मी म्हणालो. "मला वाटलं माझाच."

ती थांबली. माझ्या ओठांवरून तिनं ते पुन्हा एकदा वाचलं असावं.

"तीस वर्सं मी हितं हाय, रंगराव," ती म्हणाली. "ह्या डोंगरावरनं कधी काय परत येत न्हाई."

म्हणजे तिसरा.

आम्ही काठावर आलो तेव्हा डॉक्टर कातळावर पोचला होता, आणि माई उठत नव्हती. हसत होती. "तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय! मी तीन पोरं वाढवलीयत, मला फसवता होय?"

"माई, खरा आहे!" मी काठावरून ओरडलो.

"तू म्हणालास म्हणजे नक्कीच खोटा!"

तिचं काय चुकलं? सकाळपासून मी तिला दुसरं काय ऐकवलं होतं?

मी पाण्यात शिरलो. पाणी अजून घोट्याएवढंच, स्वच्छ, तळाची वाळू दिसत होती. निम्म्यावर गेलो आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते कळेना. मग कळलं. नदीचा आवाज थांबला होता. दगडांवरून खळखळणारं पाणी खळखळत नव्हतं, कारण वरच्या अंगाचे दगड दिसेनासे झाले होते. पाणी जोरानं येत नव्हतं, गर्जना नाही, लाट नाही. नदी नुसती भरत होती. पोटरीपर्यंत. पाण्याचा रंग चहासारखा झाला, वरून पालापाचोळा आणि फेस फिरत येऊ लागला.

माईनंही ते बघितलं. तिचं हसू तोंडावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

"मिहीर," ती म्हणाली, "माझे गुडघे नाही उचलायचे रे."

"उचलू नकोस. बस खुर्चीत. घट्ट बस."

त्यानं एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, माईसकट खुर्ची उचलली. छत्री सुटली आणि पाण्यावर उलटी पडून गोल गोल फिरत गेली. आम्ही कातळावरून उतरलो तेव्हा पाणी मांडीला लागलं.

सकाळी ज्या दगडांवरून पाय ठेवत डॉक्टर आला होता, ते सगळे बुडाले होते. खाली काही दिसत नव्हतं. कुठं दगड, कुठं डोह, कळायला मार्ग नाही. डॉक्टरनं एक पाऊल टाकलं आणि तो कंबरेपर्यंत गेला. खुर्ची कलली. माई ओरडली नाही. तिनं माझे केस धरले.

काठावर आक्का उभी होती. ती ओरडत होती, पण ऐकू येत नव्हतं. आता नदीला आवाज आला होता, जमिनीतून यावा तसा. आक्कानं ओरडणं बंद केलं. तिनं काठी वर केली आणि डावीकडं धरली. ठाम, हलवली नाही. डॉक्टरनं डावीकडं पाय टाकला. दगड लागला.

काठी सरळ झाली. आम्ही सरळ गेलो. काठी उजवीकडं, मग थोडी मागं. त्या बाईनं नदीचा तळ पायांनी पाठ केलेला होता. आम्ही कुठं चुकतोय, ते ती आमच्या खांद्यांवरून ओळखत होती. आमचे डोळे काठीवर. मी माझ्या पायाकडं एकदाही बघितलं नाही, बघितलं असतं तर पडलो असतो.

निम्म्या वाटेत पाणी माझ्या छातीला लागलं. मी बुटका. खुर्चीचा दांडा हातातून घसरत होता. वरून एक ओंडका आला, डॉक्टरच्या पाठीला घासून गेला. माईचा हात माझ्या केसांतच होता.

"रंगराव," ती माझ्या कानाशी म्हणाली. "एखादी थाप मार रे. मला भीती वाटतेय."

आणि मला एकही सुचली नाही. देवाशपथ सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा. मी तोंड उघडलं आणि त्यात पाणी गेलं. "मलापण, माई," एवढंच मी म्हणालो.

काठी खाली आली. आक्का कमरेइतक्या पाण्यात आली होती. तिनं काठीचं टोक माझ्यापुढं केलं, ते मी धरलं, आणि तिनं ओढलं. त्या बाईच्या अंगात तेव्हा किती ताकद होती, ते मी सांगितलं तर तुम्ही थापच म्हणाल. आम्ही चौघं काठावर, चिखलात पडलो. मागं वळून बघितलं तर कातळ नव्हता. तिथं पाणी जरा फुगून चाललं होतं, बस.

माई पालथी पडून गवत मुठीत धरून होती. डॉक्टर उठून बसला. भीती गेली आणि त्या जागी राग आला, तो मी त्याच्या चेहऱ्यावर चढताना बघितला. तो माझ्यावर येईल म्हणून मी तयार होतो. माझी चूक होती.

पण तो आक्काकडं वळला. "तुम्ही कुठं होतात?"

आक्कानं मान वळवून डावा गाल पुढं काढला.

"तीनदा वाजला! ते ऐकायला तुम्हाला ठेवलंय ना इथं? एक माणूस नदीत बसलंय हे माहीत असून तुम्ही स्वयंपाकघरात! मी आत्ता मालकांना फोन करणार. अशा बाईच्या भरवशावर लोकांनी इथं यायचं?"

आक्कानं ओल्या पदराची गाठ सोडली, परत बांधली. तिला सगळं ऐकू आलं होतं की निम्मं, मला माहीत नाही. पण फोन हा शब्द तिला कळला होता. तिच्या मागं तिची दहा बाय दहाची खोली होती, चूल होती, आणि दुसरीकडं कुठं काही नव्हतं.

"डॉक्टर," मी म्हणालो. "भोंगा मी वाजवला. दोनदा. त्यांनी शपथ घातली होती तरी."

"ते मला माहीत आहे, काका. तुमच्याशी नंतर बोलतो. पण तिसरा? तिसऱ्याला ह्या बाहेर का नाही आल्या?"

आणि नदीत न सुचलेली थाप तिथं सुचली.

"आल्या की," मी म्हणालो. "तुम्ही पळालात आणि मी छपरीखाली वायर धरून पुतळ्यासारखा बसलेलो. आक्कांनीच मला हलवलं. 'हा धरणाचा आहे, तिसरा आहे,' म्हणाल्या. 'पहिले दोन्हीपण खरेच होते, तुझ्या गोंगाटात मिसळले.' त्यांनी ओळखलं. मला त्यांनीच नदीत पाठवलं. नाहीतर, डॉक्टर, मी अजून तिथंच बसलो असतो."

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिला. थापाड्या माणसाची ही अडचण. जिवावर उदार होऊन बोलला तरी समोरचा आधी तोंड निरखतो.

"खरं आहे, मिहीर," चिखलातून आवाज आला. माई उताणी झाली होती, डोळे मिटून. "मला कातळावरून सगळं दिसत होतं. ती बाई पुढं, हा मागं."

तिनं एक डोळा उघडला, माझ्याकडं बघितलं आणि परत मिटला. आम्ही दोघं काठावर आलो तेव्हा मी दहा पावलं पुढं होतो, हे तिनं नीट बघितलं होतं.

डॉक्टरनं फोन केला. पण बोलला ते वेगळंच. बाईनं माझ्या आईचा जीव वाचवला, असा कान आणि अशी नजर मी बघितली नाही, असं बरंच. माझ्याबद्दलही बोलला, ते इथं लिहीत नाही.

चार दिवसांनी मालक स्वतः आले. आक्काला साडीचोळी केली. आणि म्हणाले, आपल्या कॅम्पचाच नव्हे, खालच्या तीन वस्त्यांचाही भोंग्याचा कारभार आजपासून हौसाबाईंकडं. त्यांनी शिट्टी दिली की सगळ्यांनी नदीतून बाहेर. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं उभा होतो. आक्कानं त्या गर्दीतून मला शोधलं आणि माझ्याकडं बघितलं. एका अर्ध्या कानाच्या बाईच्या हातात मी तीन वस्त्यांचे जीव दिले होते. एका वाक्यानं.

"आता?" सगळे गेल्यावर तिनं विचारलं.

"खरं सांगून टाकू?"

"सांग. मग मी कुठं जाऊ, त्येबी सांग."

मी तिला तालुक्याहून कानाचं मशीन आणून दिलं. ते कानात नुसती शिट्टी मारायचं. शेवटी ती ते डाळीच्या डब्यात ठेवून मोकळी झाली. मग राहिला एकच उपाय. मी कर्णे पुतण्याला दिले, आणि धरण भरायला लागलं की दिवाळीपर्यंत कॅम्पवर मुक्काम ठोकला. लोकांना सांगितलं, तालुक्याच्या डॉक्टरांनी हवापालट करायला सांगितलंय. थाप.

नऊ पावसाळे मी तिच्या उजव्या बाजूला, खाटेवर बसून काढले. दिवसा कुणाशी बोलायचं नाही, रेडिओ नाही, गाणं नाही. रात्री उशाला कान लावून झोपायचं ते अर्धंच. पानांतून वारा गेला तरी दचकायचं. मला बोलता येत नव्हतं, कारण बोललो तर मला ऐकू आलं नसतं. तालुक्यात वावडी उठली, रंगराव नदीत पडला आणि त्याची वाचा गेली. ही एक गोष्ट मी पसरवलेली नाही.

यंदा आक्काच्या लेकीला स्वतःचं घर झालं आणि आक्का तिच्याकडं राहायला गेली. भोंग्याचा कारभार आता तरण्या पोरांकडं आहे, त्यांच्या मोबाइलवर आधी निरोप येतो. म्हणून हे लिहायला हरकत नाही.

गेल्या पावसाळ्यात, शेवटच्या खेपेला, दुपारी तीनला भोंगा वाजला. खालच्या वस्तीच्या बायका धुणं धूत होत्या. मी खाटेवरून उठून उभा राहिलो, बाकी काही केलं नाही. आक्का भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, हात झटकले, गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली. बायका कपडे सोडून काठाला आल्या. तिनं त्या मोजल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "उठायची गरज न्हवती. मी ऐकला हुता."

"हो आक्का," मी म्हणालो. "तुम्हीच आधी ऐकलात."